घर साताऱ्यात बंद, मी जर्मनीत: पत्रांचं काय करायचं?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: साताऱ्यात शाहूपुरीत घर आहे, आई-वडील आता नाहीत, भाऊ पुण्यात असतो आणि तुम्ही तीन वर्षांसाठी जर्मनीला निघाला आहात. घरी येणारी पत्रं, बँकेची कार्डं, नोटिसा यांची सोय कशी लावायची, आणि पोस्टाला सांगून ती तिकडे मागवता येतील का?

मी सांगलीची. सात वर्षं श्टुटगार्टला काढून २०२२ मध्ये परत आले. त्या सात वर्षांत या विषयात जेवढ्या चुका करता येतात तेवढ्या बहुतेक करून झाल्या आहेत.

पत्रं जर्मनीला मागवण्याचा विचार सोडून द्या. पत्ता बदलल्याचा लेखी अर्ज पोस्टमास्तरांकडे दिला की पत्रं दुसऱ्या पत्त्यावर वळवतात. तो दुसरा पत्ता पुण्याच्या भावाचा द्या. कारण ज्या पत्रांनी खरा घोळ होतो त्यांना मुदत असते, आणि ती बहुतेक १५ दिवसांची असते. पाकीट समुद्रापार फिरत फिरत तुमच्या हातात पडेपर्यंत मुदत गेलेली असते. तुम्हाला पाकीट नको, पाकिटात काय आहे ते त्याच दिवशी कळायला हवं.

आमच्या बाबतीत काय झालं ते सांगते. सांगलीच्या गावभागात वडिलांचं जुनं घर. वडील गेले, आई माझ्या भावाकडे मुंबईला गेली, घराला कुलूप. किल्ली शेजारच्या काकूंकडे. काकू इतक्या इमानदार की सगळी पत्रं एका कापडी पिशवीत जपून ठेवायच्या. फोडायच्या मात्र नाहीत. दुसऱ्याचं पत्र फोडू नये हा संस्कार! मीही कधी "काकू, फोडा आणि फोटो पाठवा" असं तोंडाने म्हटलं नव्हतं. मला वाटायचं पत्रं सांभाळली जाताहेत, त्यांना वाटायचं त्या सांभाळताहेत, आणि दोघींचंही खरंच होतं.

त्या पिशवीत तासगाव तालुक्यातल्या आमच्या शेतीच्या फेरफाराची, म्हणजे जमिनीच्या नोंदीतल्या बदलाची, नोटीस होती. चुलत्यांनी वाटपाची नोंद घातली होती आणि त्यात आमच्या हिश्श्याचं क्षेत्र चुकीचं पडलं होतं. चुलत्यांच्या मनात काही काळंबेरं नव्हतं, लिहिण्यातली चूक होती. पण फेरफार धरला की हितसंबंधितांना नोटीस निघते आणि हरकतीला १५ दिवस मिळतात. हरकत आली नाही की मंडल अधिकारी नोंद प्रमाणित करतात. आमची हरकत गेली नाही, नोंद झाली. पुढे प्रांताधिकाऱ्यांकडे अपील, तारखा, वकील, आणि रजा काढून माझ्या दोन फेऱ्या. पंधरा दिवसांत एका कागदावर मिटलं असतं ते दीड वर्ष चाललं.

पिशवीची अखेर म्हणजे ऑगस्ट २०१९ चा महापूर. काकू वेळेत वरच्या मजल्यावर गेल्या, पिशवी खालच्या फडताळात राहिली. त्यात आणखी काय काय होतं ते कृष्णामाईलाच ठाऊक.

म्हणून किल्ली कुणाकडे ठेवता याला फारसं महत्त्व नाही. फोडून बघणारा माणूस कोण, ते ठरवा. त्याला तोंडी नव्हे, लिहून परवानगी द्या, म्हणजे त्याचा संकोच जातो. रोज जाणं कुणालाच जमत नाही, आठवड्यातून दोनदा पुरतं. पाकिटाच्या दोन्ही बाजूंचा फोटो, मग आतल्या कागदाचा. पाकिटावरच्या पोस्टाच्या शिक्क्याची तारीख दिसली पाहिजे, पुढे भांडायची वेळ आली तर तीच कामाला येते.

आता कायद्याची बाजू, कारण "मी इथे नव्हतेच, मला नोटीस मिळालीच नाही" या वाक्यावर आपण फार विसंबतो. १८९७ च्या जनरल क्लॉजेस ॲक्टचं कलम २७ सांगतं की बरोबर पत्ता लिहून, टपालखर्च भरून रजिस्टर पोस्टाने पाठवलेलं पत्र, उलट सिद्ध होत नाही तोवर, पोचलं असंच धरायचं. धनादेश न वटल्याच्या प्रकरणांत "घर बंद" असा शेरा मारून परत गेलेली नोटीससुद्धा बजावली गेली असं न्यायालयं धरत आली आहेत. दिवाणी दाव्याचं समन्स तर दाराला चिकटवूनही बजावता येतं. घराला कुलूप असलं तरी पत्ता उघडाच असतो.

यावरून एक सावधगिरी. जाताना नातेवाइकांकडे सह्या केलेले कोरे चेक ठेवायची आपल्याकडे खोड आहे, "लागले तर असू देत" म्हणून. त्यातला एखादा परत गेला, तर नोटीस तुमच्या शाहूपुरीच्या पत्त्यावर येणार आणि ती मिळाल्यापासून पैसे भरायला १५ दिवस. चेक ठेवू नका. नेट बँकिंग आहे ना!

रजिस्टर पोस्ट २०२५ मध्ये स्पीड पोस्टात विलीन झालं आहे. त्यामुळे सरकारी पाकीट आता स्पीड पोस्टाचं दिसलं तर ते कुरिअरसारखं काहीतरी समजून बाजूला टाकायचं नाही, हे तुमच्या माणसाला सांगून ठेवा. अजून सगळे "रजिस्टर आलंय" असंच म्हणतात, म्हणू देत. सहीचं पत्र घेणारा कुणी नसेल तर पोस्टमन सूचना ठेवून जातो आणि पाकीट पोस्टात सात दिवस राहतं, मग परत. ते तुमच्या वतीने घ्यायला अधिकारपत्र लागतं. पोस्टमास्तरांच्या नावे साधा अर्ज, तुमची सही, त्या माणसाची सही, दोघांच्या ओळखपत्राच्या प्रती. हे निघायच्या आठवडाभर आधी स्वतः जाऊन द्या, आणि त्याच फेरीत तुमच्या भागाच्या पोस्टमनला भेटा, फोन नंबर द्या. माझ्या मते अर्जापेक्षा ही भेट जास्त उपयोगी पडते.

त्या अर्जात दोन्ही नावं लिहा, माहेरचं आणि सासरचं. हे मला कुणी सांगितलं नव्हतं. माझी जुनी विमा पॉलिसी आणि वडिलांबरोबरचं संयुक्त खातं माहेरच्या नावावर, आधार सासरच्या नावावर. नवा पोस्टमन आला, त्याला त्या घरात या नावाचं कुणी सापडेना, आणि बँकेचं कार्ड परत. तुमचं लग्न झालेलं नसेल तर हा परिच्छेद सोडून द्या. दारावरची पाटी मात्र कुणाच्याही सांगण्यावरून काढू नका. "घर बंद आहे हे चोराला कशाला कळवायचं" म्हणून काही जण काढतात. चोराला ते पाटीवरून कळत नाही, फाटकात साठलेल्या विजेच्या बिलांवरून कळतं.

ती बिलं बंद करणं सोपं आहे. महावितरणच्या गो ग्रीन योजनेत कागदी बिल थांबतं, ईमेलवर येतं आणि बिलात थोडी सूटही मिळते. घरपट्टीचं तुम्ही एकदा समक्ष बघाच. शाहूपुरी हद्दवाढीत सातारा नगरपरिषदेत आली, त्यामुळे नोंद कुणाच्या नावावर आणि कुठल्या पत्त्यावर गेली आहे ते जाण्याआधी तपासलेलं बरं. तुमच्या प्रश्नावरून वाटतं की ती अजून वडिलांच्याच नावावर असेल. शेती असेल तर महाभूमीच्या संकेतस्थळावर "आपली चावडी" म्हणून पान आहे, तिथे गावनिहाय फेरफाराच्या नोटिसा दिसतात. गाव निवडायचं आणि बघायचं. मी आता दर महिन्याच्या एक तारखेला बघते. हे तेव्हा केलं असतं तर वर लिहिलेलं रामायण झालंच नसतं.

बँकेचं वेगळं आहे. अनिवासी झाल्यावर साधं बचत खातं तसंच ठेवता येत नाही, ते एनआरओ, म्हणजे अनिवासींचं रुपयातलं खातं, करून घ्यावं लागतं. त्याच वेळी पत्रव्यवहाराचा पत्ता भावाचा द्या. दोन वर्षं खात्यावर तुम्ही काहीच व्यवहार केला नाही तर ते निष्क्रिय होतं आणि मग केवायसीसाठी पत्रव्यवहार सुरू होतो. वर्षातून दोनदा शंभर रुपये इकडून तिकडे केले तरी पुरे. आयकराचं सगळं पोर्टलवर आणि ईमेलवर येतं. सदोष विवरणपत्राच्या नोटिशीला उत्तर द्यायला तिथेही १५ दिवसच असतात, तेव्हा ऑफिसचा ईमेल देऊ नका, नोकरी बदलली की तो जातो.

खरं सांगायचं तर आता टपालपेटीपेक्षा सिमकार्ड जपावं लागतं. ओटीपी त्यावरच येतो. ९० दिवस काहीच वापर नसेल तर कंपनी नंबर बंद करू शकते, आणि तुमचा नंबर दुसऱ्या कुणाला मिळाला की आधार, बँक, सगळ्याची चावी त्याच्याकडे. रिचार्ज चालू ठेवा, आणि आंतरराष्ट्रीय रोमिंग घरी असतानाच सुरू करून एक एसएमएस येतोय का बघा. विमानतळावर उभं राहून हे करू नका, मी केलं आहे.

भावाला मुखत्यारपत्र द्यायचं असेल तर ते इथेच करून जा. तिकडून करायचं तर भारतीय दूतावासात जाऊन साक्षांकन, मग कागद भारतात आल्यापासून तीन महिन्यांच्या आत मुद्रांक, अशी वरात निघते. सर्वाधिकार देऊ नका, कामं मोजून लिहा.

जर्मनीत गेल्यावर गंमत उलटी होते. इथे आपण पत्रांपासून सुटका शोधतो, तिथे सगळं आयुष्यच पत्रावर चालतं. मुक्कामाची नोंदणी केली की करदात्याचा क्रमांक पत्राने येतो. बँकेचं कार्ड एका पाकिटात, पिन दुसऱ्या पाकिटात. रेडिओ-टीव्हीची वर्गणी, महिना १८.३६ युरो, तिचं पत्र तर तुमच्या घरात टीव्ही नसला तरी येतंच. आणि तिथे पत्त्यात फ्लॅटचा नंबर नसतो! पोस्टमन पेटीवरचं आडनाव वाचून पत्र टाकतो. नाव नसेल तर पत्र परत. मी दुसऱ्याच्या फ्लॅटमध्ये भाड्याने राहत होते, पेटीवर माझं नाव नव्हतं आणि दीड महिना मला वाटत होतं की जर्मन सरकार आळशी आहे. पहिल्याच दिवशी कागदाच्या पट्टीवर आडनाव लिहून पेटीला चिकटवा.

पिवळं पाकीट आलं तर ते बाजूला ठेवू नका. ते अधिकृत बजावणीचं असतं. पोस्टमन ते पेटीत टाकतानाच त्यावर तारीख लिहितो आणि मुदत तिथून चालू होते, तुम्ही घरी असा वा नसा. मी दिवाळीला पाच आठवडे सांगलीला आले होते, परत गेले तर गाडीच्या वेगाच्या दंडाचं पिवळं पाकीट वाट बघत होतं. हरकतीचे दोन आठवडे केव्हाच उलटले होते. म्हणजे इकडे काकू आणि तिकडे मी, दोन्हीकडे पत्र पेटीत आणि मुदत हातची गेलेली. पुढच्या वेळी शेजारणीला पेटीची किल्ली देऊन आले.

तुमच्या साताऱ्याला हे मी काय शिकवणार म्हणा. अपशिंगे मिलिटरीसारखी जवानांची गावं तुमच्याच जिल्ह्यातली. जवान लडाखला असो वा आसामला, घरचे पत्र लिहिणार ते ५६ एपीओ किंवा ९९ एपीओ या लष्करी पोस्टाच्या पत्त्यावर. माणूस हलतो, पत्ता हलत नाही, मधे लष्कराचं टपालखातं असतं. आमच्या विटा-खानापूर भागातले गलाईवाले सोन्याच्या कामासाठी देशभर पसरलेत, पण गावाकडचा कागद गावातल्या एकाच वडीलधाऱ्या माणसाकडे येतो आणि तो फोन करतो. तुम्हालाही तेच करायचंय. तीन वर्षांत जर्मनीतले पत्ते दोन-तीनदा बदलतील, ते बँकेला, विम्याला, कुणालाच कळवत बसू नका. सगळीकडे भावाचा एकच पत्ता, पिन कोडसकट.

पिनवरून आठवलं. शाहूपुरीचं घर ४१५ चं, भाऊ पुण्याचा म्हणजे ४११ चा. ऑनलाइन अर्जात पत्ता बदलताना काही ठिकाणी जुना पिन तसाच राहतो आणि गाव तेवढं बदलतं. पत्राची वर्गवारी पिनवर होते, त्यामुळे पुण्याचा पत्ता लिहिलेलं पाकीट आधी साताऱ्याला जाऊन येतं. अर्ज पाठवायच्या आधी तो आकडा एकदा वाचा.

परत यायचं ठरलं की तिथल्या पोस्टाला पत्रं वळवण्याची वर्दी द्यायला विसरू नका, २४ महिन्यांपर्यंत घेता येते आणि परदेशातला पत्ताही चालतो. मी बारा महिन्यांची घेतली होती. पेन्शन विम्याचं एक पत्र तेराव्या महिन्यात आलं, ते श्टुटगार्टच्या त्या जुन्या पेटीत पडलं आणि तिथे आता राहणाऱ्या मुलीने फोटो काढून मला पाठवलं. तिला मी फोडायला सांगितलं होतं.