वाचकांचे प्रश्न : ‘बी’ श्रेणीची चार्टर शाळा की घराजवळची ‘सी’ श्रेणीची?

प्रश्न : मी राजारामपुरीत राहते. एका अनुदानित प्राथमिक शाळेत ३१ वर्षे शिकवून निवृत्त झाले. मुलगा व सून अमेरिकेत नॉर्थ कॅरोलिना राज्यात रॅली शहराजवळ असतात आणि नात येत्या ऑगस्टमध्ये तिथल्या किंडरगार्टनमध्ये जाईल. घरापासून चालत जाण्याच्या अंतरावर जिल्ह्याची सरकारी शाळा आहे, पण तिला राज्याने ‘सी’ श्रेणी दिली आहे. नऊ मैलांवर एक चार्टर शाळा आहे. तिची श्रेणी ‘बी’ असून तिथे मोठी प्रतीक्षा यादी असते. नातीचे नाव तिथल्या सोडतीत निघाले आहे. मुलगा म्हणतो, ‘आई, तू आयुष्यभर शाळाच पाहिलीस, तूच सांग.’ मला मात्र चार्टर शाळा म्हणजे काय, हेच नीट उमगलेले नाही. इतक्या लांबून शाळेचा दर्जा जोखायचा तरी कसा?

— एक निवृत्त शिक्षिका, कोल्हापूर

उत्तर : आधी नावाचा उलगडा करू. चार्टर शाळा ही सरकारी पैशावर चालणारी, पण सरकारी खात्याने न चालवलेली शाळा असते. एखादे स्वतंत्र मंडळ राज्याशी ठरावीक मुदतीचा करार करते आणि त्या कराराच्या आधारे शाळा चालवते. या करारालाच तिकडे ‘चार्टर’ म्हणतात. असा पहिला कायदा १९९१ मध्ये मिनेसोटा राज्याने केला, १९९२ मध्ये तिथे पहिली शाळा उघडली आणि नॉर्थ कॅरोलिनाने १९९६ मध्ये आपला कायदा केला. फी नाही, देणगी नाही, प्रवेश परीक्षाही नाही. शाळेला काही नियमांतून सूट मिळते. उदाहरणार्थ, त्या राज्यात चार्टर शाळेच्या किमान निम्म्या शिक्षकांकडे शिक्षकी परवाना असला तरी चालते आणि जिल्ह्याच्या शाळांसारखी पिवळी बस किंवा दुपारचे जेवण पुरवणे तिला बंधनकारक नसते. या मोकळिकीच्या बदल्यात निकाल दाखवावा लागतो. तो दाखवता आला नाही, किंवा हिशेबात गोंधळ निघाला, तर कराराचे नूतनीकरण होत नाही आणि शाळा बंद पडू शकते.

जागांपेक्षा अर्ज जास्त आले की सोडत काढतात. म्हणजे नातीचा नंबर लागला हे तिचे नशीब, शाळेच्या दर्जाचा तो दाखला नव्हे. प्रतीक्षा यादीचेही तसेच आहे. आपल्या जरगनगरच्या महापालिका शाळेत प्रवेशासाठी पालकांच्या रांगा लागतात, हे कोल्हापुरात कुणाला सांगायला नको. त्या रांगेमागे वर्षानुवर्षांचे काम उभे आहे, हे मला मान्य आहे. पण शहरात अशाही शाळा मी पाहिल्या आहेत, जिथे रांग आधी लागली आणि काम मागाहून शोधावे लागले.

‘चार्टर’ या शब्दावरूनही काही निष्पन्न होत नाही. स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या क्रेडो या केंद्राने २००९ मध्ये अनेक राज्यांतील चार्टर शाळांची तुलना केली, तेव्हा गणितात १७ टक्के शाळा आसपासच्या सरकारी शाळांपेक्षा सरस, ३७ टक्के निकृष्ट आणि उरलेल्या साधारण सारख्याच आढळल्या. त्याच केंद्राच्या २०२३ च्या अहवालात चित्र पालटलेले दिसते. चार्टर शाळेतील मुले सरासरीने वाचनात वर्षाला १६ दिवसांच्या आणि गणितात ६ दिवसांच्या शिक्षणाइतकी पुढे होती. पण ही झाली सरासरी. पंचगंगेची सरासरी खोली ठाऊक असली म्हणून कुणी घाट न पाहता पाण्यात उतरत नाही.

आता मुद्द्याचे, म्हणजे त्या ‘बी’ आणि ‘सी’चे. नॉर्थ कॅरोलिनात २०१३-१४ पासून शाळांना अशी अक्षरे दिली जातात, आणि त्यांचा हिशेब समजला की निम्मे काम झाले असे समजा. तिसरी ते पाचवीची मुले वर्षअखेरीस वाचन व गणिताची राज्य परीक्षा देतात आणि पाचवीत त्यात विज्ञानाची भर पडते. किती टक्के मुले अपेक्षित पातळीला पोहोचली, याला ८० टक्के भारांक असतो. त्याच मुलांनी मागच्या वर्षाच्या तुलनेत किती मजल मारली, म्हणजे प्रगती किती केली, याला फक्त २० टक्के. बेरीज ८५ किंवा जास्त आली तर ‘ए’, ७० ते ८४ ला ‘बी’, ५५ ते ६९ ला ‘सी’.

एक कल्पित उदाहरण मांडून पाहा. पहिल्या शाळेत १०० पैकी ८० मुले पातळीला पोहोचली, पण प्रगतीचे गुण ६०. म्हणजे ६४ अधिक १२, एकूण ७६, श्रेणी ‘बी’. दुसरीत ५५ मुले पातळीला पोहोचली, पण प्रगतीचे गुण ९०. म्हणजे ४४ अधिक १८, एकूण ६२, श्रेणी ‘सी’. पहिल्या शाळेत मुले बहुधा घरूनच वाचायला शिकून आली आणि शाळेने त्यांना फारसे पुढे नेले नाही. दुसरीत घरी पुस्तक नसलेली, कदाचित घरी इंग्रजीही न बोलणारी मुले आली आणि शिक्षकांनी त्यांना वर्षभरात वर्षापेक्षा जास्त शिकवले. तुम्ही ३१ वर्षे बाई होतात. यातली कुठली शाळा चांगली, हे तुम्हाला मी सांगायला नको. तेव्हा मुलाला अक्षर विसरायला सांगा आणि राज्याच्या शाळा-प्रगतिपत्रकात प्रगतीचा वेगळा रकाना असतो तो वाचायला सांगा. अपेक्षेपेक्षा जास्त, अपेक्षेइतकी की अपेक्षेपेक्षा कमी, अशी तिथे स्पष्ट नोंद असते. ती किमान तीन वर्षांची पाहावी. शाळा लहान असेल तर हे विशेषच महत्त्वाचे, कारण २० मुलांच्या वर्गात तीन मुले इकडची तिकडे झाली की निकाल १५ टक्क्यांनी हलतो. शिवाय किंडरगार्टन, पहिली आणि दुसरी या तीन वर्षांचा त्या अक्षरात थेट अंशही नसतो, आणि तुमची नात तर नेमकी तिथेच बसणार आहे.

दुसरी तपासणी पटाची. किंडरगार्टनमध्ये ६० मुले आणि पाचवीत ३८, असा पट दिसला तर मधली २२ कुठे गेली आणि त्यांच्या जागी नवी मुले घेतली का, हे विचारलेच पाहिजे. घर बदलले म्हणून मुले जातात, ते समजण्यासारखे आहे. पण मागे पडणारे मूल ‘आमच्या शाळेत रमत नाही’ म्हणून हळूच वाटेला लावले जात असेल आणि रिकामी जागा भरली जात नसेल, तर न शिकवताही निकाल आपोआप चढतो. आपल्या जिल्ह्याला शिष्यवृत्ती परीक्षेचे केवढे वेड आहे, ते तुम्ही अनुभवले असेल. चौकाचौकांत फलक लागतात, त्यावर चमकलेल्या मुलांचे फोटो असतात. परीक्षेला बसवली किती आणि तुकडीत मुले किती, हे मात्र एकाही फलकावर छापलेले मी आजवर वाचलेले नाही. त्याच ओघात अपंग किंवा शिकण्यात अडचण असलेल्या मुलांचे प्रमाणही पाहावे. अशा मुलांना सेवा देणे अमेरिकेच्या केंद्रीय कायद्याने चार्टर शाळेलाही बंधनकारक आहे. शेजारच्या सरकारी शाळेत अशी मुले बरीच आणि चार्टर शाळेत नावापुरती, असे असेल तर दोन्ही निकालांची तुलनाच होत नाही.

कागद इथे संपतात. पुढचे वर्गात बसूनच कळते. मी केंद्रप्रमुख असताना एका शाळेत दुसरीच्या वर्गावर गेलो होतो. शाळेचे नाव घेत नाही. बाईंनी एका मुलाला उभे केले आणि त्याने अख्खा पाठ खडाखडा वाचला. मी शेरेबुकात ‘वाचन उत्तम’ असे लिहायला घेतलेच होते, तेवढ्यात सहज त्याच्या बोटाकडे लक्ष गेले. तोंडात चौथी ओळ होती आणि बोट दुसऱ्या ओळीवर. मी पान उलटून न शिकवलेला पाठ पुढे केला. त्याने चित्राकडे पाहिले, मग बाईंकडे, आणि गप्प उभा राहिला. नंतर चौकशी केली तर वर्गातल्या ३४ पैकी जेमतेम १० जणांना अनोळखी मजकूर वाचता येत होता. त्या वर्गाचा निकाल तोवर शंभर टक्के लागत आला होता.

भाषा बदलली तरी खूण तीच राहते. मुलाला म्हणावे, शाळा दाखवायला नेतील तेव्हा सभागृह आणि संगणक पाहून परतू नकोस, पहिलीच्या वाचनाच्या तासाला पंधरा मिनिटे बसण्याची परवानगी माग. मूल अडले की बाई काय करतात, ते पाहा. ‘चित्र बघ आणि काय असेल ते ओळख’ म्हणतात, की अक्षरांचे आवाज जोडून शब्द उलगडायला लावतात? ‘मिप’, ‘ट्रॅग’ असले अर्थ नसलेले शब्द फळ्यावर लिहिले तर मुले वाचतात का? अर्थ नाही म्हणजे पाठांतरही नाही. गणिताच्या तासाला चुकलेल्या उत्तरावर फुली मारून पुढे जातात, की ‘हे कसे काढलेस?’ असे विचारतात? आणि ऑक्टोबरातल्या वह्या मागून पाहाव्यात, मेमधल्या नव्हेत. वर्षअखेरच्या वह्या सगळ्याच शाळांत देखण्या असतात.

उरलेले प्रश्न थोडक्यात उरकतील. गेल्या तीन वर्षांत किती शिक्षक सोडून गेले? मुख्याध्यापक किती वर्षे टिकून आहेत? पहिलीच्या बाईंकडे परवाना आहे का? करार कधी संपतो, आणि मागच्या नूतनीकरणाला पूर्ण मुदत मिळाली की कमी? त्या राज्यात २०२३ पासून हे काम चार्टर शाळा पुनर्विलोकन मंडळाकडे आहे. शाळेचे मंडळ स्वतः कारभार पाहते की तो नफ्यावर चालणाऱ्या एखाद्या कंपनीकडे सोपवला आहे, हेही विचारावे. मंडळाच्या सभा लोकांना खुल्या ठेवणे कायद्याने बंधनकारक आहे. एका सभेला जाऊन बसले तर तासभरात मुलांविषयी किती बोलणे होते आणि इमारतीच्या भाड्याविषयी किती, ते आपोआप कळेल.

माझे मत विचाराल तर, जवळच्या शाळेच्या प्रगतीच्या रकान्यात तीनही वर्षे ‘अपेक्षेपेक्षा जास्त’ असेल आणि चार्टर शाळेची नोंद ‘अपेक्षेइतकी’ किंवा त्याखाली असेल, तर मी नातीला बिनदिक्कत चालत जाण्याच्या शाळेत घालीन. बस नसेल तर नऊ मैल जायचे, नऊ मैल यायचे, तेही नोकरी करणाऱ्या दोघांनी. पाच वर्षांच्या पोरीची झोप त्यात जाते. नोंदी उलट असतील तर मात्र गाडी काढावी.

प्रश्न : मी फुलेवाडीत राहतो. आमच्या भागात नुकतीच एक इंग्रजी माध्यमाची शाळा सुरू झाली असून ती स्वतःला ‘आंतरराष्ट्रीय दर्जाची’ म्हणवते. अशा शाळा म्हणजे आपल्याकडच्या चार्टर शाळाच का? मुलाला पहिलीत घालण्यापूर्वी काय पाहावे?

— एक पालक, कोल्हापूर

उत्तर : नाही. चार्टर शाळा सरकारी पैशावर चालते आणि पालकांकडून फी घेत नाही. तुम्ही म्हणता ती शाळा बहुधा २०१२ च्या महाराष्ट्र स्वयंअर्थसहाय्यित शाळा अधिनियमाखालची असावी. तिचा सगळा खर्च तुमच्या फीमधून निघतो. चार्टर शाळेची मान करारात अडकलेली असते, तशी इथे नसते, म्हणून पालकालाच जास्त डोळसपणे पाहावे लागते.

‘आंतरराष्ट्रीय’ या शब्दाला पाटीवर लिहिण्यापलीकडे काही अर्थ आहे का, हे पाहण्यासाठी अभ्यासक्रम कोणत्या मंडळाचा आणि त्याची मान्यता कुठे आहे, ते लेखी मागा. शाळेचा ११ अंकी यू-डायस क्रमांक, म्हणजे सरकारी नोंदीतला शाळेचा ओळख क्रमांक, मागा. शिक्षण हक्क कायदा, २००९ नुसार पहिली ते पाचवीला ३० मुलांमागे एक शिक्षक आणि वर्षाला किमान २०० दिवस व ८०० तास अध्यापन असायला हवे. तुकडीत ४५ मुले कोंबलेली दिसली तर वातानुकूलित वर्गाचे कौतुक करू नका. प्रवेशासाठी मुलाची किंवा तुमची मुलाखत घेतली जात असेल तर ती त्याच कायद्याच्या कलम १३ चा भंग आहे. शिक्षकांची डी.एल.एड. ही अध्यापन पदविका आणि टीईटी ही शिक्षक पात्रता परीक्षा झाली आहे का, हे विचारायला संकोचू नका.

फीविषयी एक गंमत सांगतो. फी नियमनाच्या कायद्याप्रमाणे शाळेत पालक-शिक्षक संघाची कार्यकारी समिती असते आणि तिच्यावरचे पालक इच्छुकांमधून सोडतीने निवडतात. तिकडे सोडत मुलांची निघते, इकडे आई-बापांची. आपल्या शाळेत ही सोडत कधी झाली आणि समितीने फी कोणत्या सभेत मंजूर केली, एवढे दोन प्रश्न कार्यालयात शांतपणे विचारा आणि इतिवृत्त पाहायला मागा.

वाचनाची चाचणी वर लिहिली आहे तीच. शाळा सुटताना फाटकापाशी उभे राहून तिसरीतल्या एखाद्या ओळखीच्या मुलाला त्याच्या पुस्तकातला, अजून न शिकवलेला पाठ उघडून द्या. आणि तसेच चालत जाऊन जवळच्या महापालिकेच्या शाळेतल्या तिसरीच्या मुलालाही तो मराठीत द्या.