सलूनमधला बीम अन जीनमधली खुर्ची

प्रश्न (पारोळा) : राम राम. आमच्या गावच्या सलूनमधे एक मोठा ब्लॅक अँड व्हाइट फोटो लावलाय, लोखंडी बीमवर अकरा मजूर बसून डबा खाताय अन खाली अख्खं शहर. पोरं म्हणता फोटोशॉप आहे. मी सेंटरिंगच्या कामाला जातो, मला फोटो खरा वाटतो पण त्यात काहीतरी खटकतं, नेमकं काय ते सांगता येत नाही. असा फोटो बघायचा कसा, सांगा ना भो.

उत्तर : फोटोशॉप नाही भाऊ. 20 सप्टेंबर 1932 ला न्यूयॉर्कमधे काढलेला आहे, रॉकफेलर सेंटरची आरसीए बिल्डिंग उभी राहत होती तेव्हा, 69 वा मजला, साधारण साडेआठशे फूट उंची. माणसं खरी, बीम खरा, उंचीपण खरी. पण तुम्हाला जे खटकलं ना ते बरोबर खटकलंय, अन सलूनमधल्या बाकीच्यांना ते खटकणार नाही कारण त्यांनी कधी बांधकामावर बसून डबा खाल्लेला नाही. तुम्हीच सांगा, जेवायची सुट्टी झाली की तुम्ही कुठे बसता? सावली बघता, पाठ टेकायला जागा बघता, पाण्याचा जार जवळ पाहिजे, अन चार जण गोल करून बसता म्हणजे एकाची भाकरी दुसऱ्याच्या ठेच्यात जाते. इथे अकरा जण तोरणासारखे एका रांगेत, सगळ्यांचे पाय कॅमेऱ्याच्याच बाजूला लोंबताय. असं कोण जेवतं? पंगतीत बसतो आपण रांगेत, पण तिथे समोर वाढपी असतो, इथे समोर फोटोवाला आहे.

म्हणजे काय, तर बसवलेत. रॉकफेलर सेंटरच्या जाहिरातीसाठी काढलेला फोटो आहे हा, 2 ऑक्टोबरच्या न्यूयॉर्क हेराल्ड ट्रिब्यून पेपरात छापून आला. त्याच दिवशी त्याच मजुरांना बीमवर आडवं करून, झोपल्यासारखं दाखवूनपण फोटो काढलेत, ते बघितले की मग शंकाच राहत नाही. काढणाराही एकटा नव्हता, दोनतीन फोटोवाले वर चढले होते, म्हणून कोणाच्या हातचा हा फोटो यावर आजपर्यंत वाद आहे, बरीच वर्षं चार्ल्स एबेट्सचं नाव लावत होते अन आता तेही ठाम सांगत नाहीत. आता बसवलेत म्हणून फोटो खोटा झाला का? मला नाही वाटत. पडला असता तर खराच पडला असता, अंगाला पट्टा ना दोरी.

आता बघायचं कसं ते सांगतो, मी माझ्यापुरतं असं करतो की आधी चेहऱ्यांवर हात ठेवतो. खरंच, तळहात ठेवायचा. चेहरे दिसले की आपण लगेच त्यांच्याशी बोलायला लागतो अन बाकी काही बघतच नाही. चेहरे झाकले की काय उरतं? एक आडवी जाड रेघ, तिच्यावर गडद कपड्यातली माणसं, तिच्याखाली बुटांची रांग. मागे शहर फिकट, धुरकट, दूर सेंट्रल पार्क. पुढचं गडद अन मागचं फिकट, एवढ्या एका गोष्टीवर पोटात गोळा येतो. बीमची टोकं कशावर टेकलीत ते फ्रेममधे घेतलेलंच नाही, म्हणून तो हवेत तरंगल्यासारखा वाटतो, टोकं दिसली असती तर निम्मी भीती गेली असती. मग बुटं बघा, जाड, मळलेली, ही पायताणं काही फोटोसाठी घालून आणलेली नाहीत. मग हात. एका टोकाला एकजण दुसऱ्याची सिगारेट पेटवून देतोय, मधे डबे उघडलेत, दुसऱ्या टोकाचा बाटली धरून सरळ आपल्याकडे बघतो, त्याच्या नजरेत मला तरी 'झालं का तुमचं?' असंच दिसतं.

अन शेवटी तारीख. 1932 म्हणजे अमेरिकेत मंदीचा कडेलोट, पुढच्या वर्षापर्यंत कामगारांतला जवळपास दर चौथा माणूस बेकार. तेव्हा त्या बीमवर चढायला मिळणं हेच नशीब होतं. फोटोत ते कुठेच दिसत नाही, उलट सगळे मजेत दिसता, अन जाहिरातवाल्याला तेच पाहिजे होतं.

याच्या उलट लुइस हाइनचे फोटो बघा, मोबाइलवर सापडतील. हा माणूस 1908 पासून अमेरिकेतल्या बालमजुरीविरुद्धच्या समितीसाठी कारखान्यांमधे फिरून फोटो काढायचा. आत सोडत नसत म्हणून वेगवेगळी सोंगं घ्यायचा, कोटाच्या बटणांची जमिनीपासूनची उंची पाठ करून ठेवलेली होती, पोरगं शेजारी उभं राहिलं की कितव्या बटणाला लागतं त्यावरून त्याची उंची कळायची अन खिशातल्या खिशात ते टिपून घ्यायचा. साउथ कॅरोलिनातल्या लँकेस्टरच्या कापड गिरणीतला 1908 चा एक फोटो आहे, सूतकताईच्या मशीनपाशी उभी राहिलेली एक मुलगी, मशीनची रांग लांबपर्यंत गेलेली. खाली त्याने लिहिलंय उंची 48 इंच, सहा महिन्यांपासून कामावर. 48 इंच म्हणजे चार फूट, आपली तिसरी-चौथीतली पोरगी. हापण मजुराचाच फोटो, पण इथे रेघ पोरीला उचलून दाखवत नाही, मशीनमागे मशीन लावून तिला अजून लहान करते. दोन्ही फोटो शेजारी ठेवा अन विचारा, पैसे कोणी दिले होते.

प्रश्न (चोपडा) : आमचे आजोबा जीनमधे, म्हणजे कापसातली सरकी काढायच्या कारखान्यात, कामाला होते. तिथला एक ग्रुप फोटो घरात आहे, पन्नाससाठ माणसं, सगळे ताठ, कोणी हसत नाही. कोणीच आता सांगायला नाही. यातून काही कळू शकतं का?

उत्तर : खूप कळतं. आधी खुर्च्या मोजा. खुर्चीवर बसलेले शेठ, मुनीम, मागे उभे ते मशीनवाले अन हमाल, अन पुढे मातीत मांडी घालून बसलेली पोरं, हा क्रम फोटोवाल्याने लावलेला नसतो, तो आधीपासूनच लागलेला असतो. मग पाय बघा, वहाण कोणाला अन अनवाणी कोण. आजोबा कुठल्या ओळीत आहेत त्यावरून त्यांचं काम काय असेल याचा अंदाज येतो. डोक्याला, मिशीला पांढरं चिकटलेलं दिसतंय का ते भिंगातून बघा, ते वय नाही, रुईचा धुराळा आहे, म्हणजे तो माणूस सरकी वेगळी करणाऱ्या मशीनपाशी होता अन फोटोसाठी तसाच बोलावून आणलाय. मागे कापसाच्या गाठी रचलेल्या असतील तर त्यांच्यावर रंगाने मारलेला मार्का वाचायचा प्रयत्न करा, त्यात गाठी बांधणाऱ्या प्रेसचं नाव मिळू शकतं. माणसं स्वेटर-मफलरमधे असतील तर दिवाळीनंतरचा सीझन धरा. अन बाया शोधा. जीनमधे कापूस निवडायला बाया असायच्याच, त्या फोटोत नसतील किंवा एकदम कडेला अर्ध्या कापल्या गेल्या असतील तर तेही लिहून ठेवा.

हसत नाहीत याचं फार मनावर घेऊ नका, तेव्हा कॅमेऱ्यासमोर दात दाखवणं बरं दिसत नसे, अन इतक्या माणसांच्या मधे शेठ बसलेला, कोण हसेल?

फोटो फ्रेममधून काढला तर मागची बाजू बघा, स्टुडिओचा शिक्का असतो कधी कधी. लॅमिनेशन करू नका, हात जोडून सांगतो. स्कॅन करा, मोठा प्रिंट काढा अन तो प्रिंट घेऊन गावातल्या सगळ्यात म्हाताऱ्या माणसाकडे जा, ओळखलेली नावं प्रिंटवरच लिहा, मूळ फोटोवर नको, अन लिहायचंच झालं तर मागे, पेन्सिलने, हलक्या हाताने.