पुण्यात फ्लॅटमध्ये पग पाळावा का? त्याला श्वासाचा त्रास होतो हे खरं का?

खरं आहे. पगचं घोरणं लोकांना गोंडस वाटतं, पण तो बिचारा हवेसाठी धडपडत असतो. डॉग शोमध्ये चपटं तोंड जिंकतं म्हणून पिढ्यान्‌पिढ्या तसेच कुत्रे जुळवले गेले. कवटी आखूड झाली, आतली मऊ टाळू मात्र तेवढीच राहिली. ती श्वासनलिकेच्या तोंडाशी अडते. कुत्रा धापा टाकून अंग थंड करतो, तेच याला नीट जमत नाही. आमच्या कोथरूडच्या सोसायटीतला पग एप्रिलमध्ये संध्याकाळीसुद्धा जिन्यात बसकण मारतो. तशाच चपट्या तोंडाच्या बुलडॉगची तर बहुतेक बाळंतपणं सिझेरियननेच होतात!

२००८ मध्ये बीबीसीने यावर माहितीपट दाखवला आणि पुढच्या वर्षीपासून क्रफ्ट्‌स या मोठ्या डॉग शोचं प्रक्षेपणच सोडलं. आपल्याकडे २०१७ च्या केंद्रीय नियमांनुसार ब्रीडरला राज्य प्राणी कल्याण मंडळाकडे नोंदणी सक्तीची आहे, आठ आठवड्यांच्या आतलं पिल्लू विकता येत नाही. व्हॉट्सॲपवर फोटो पाठवून ‘केसीआय (केनेल क्लब ऑफ इंडिया) पेपर आहेत’ म्हणणाऱ्याला मंडळाचा नोंदणी क्रमांक विचारा, पिल्लाची आई दाखवायला सांगा. पेपर म्हणजे वंशावळ, तब्येतीचा दाखला नव्हे.

माझं विचाराल तर गल्लीतलं देशी पिल्लू आणा. नाक लांब, आणि पुण्याचा उन्हाळा त्याच्या अंगवळणी पडलेला.