समुद्रकाठच्या ख्रिस्ती गावात घडणाऱ्या रहस्यकथेत फादरला गुप्तहेर करावे का?

आपण विचारले आहे की, समुद्रकाठच्या लहान ख्रिस्ती गावात घडणारी, रक्तपात आणि शिवीगाळ नसलेली, इंग्रजीत ज्याला 'कोझी मिस्टरी' म्हणतात तशी रहस्यकथा मराठीत लिहायची असेल तर कोकण किनारा चालेल का, गुप्तहेर म्हणून गावच्या फादरना घ्यावे का, आणि ती छापील कोण. पहिल्या प्रश्नाचे उत्तर 'उत्तम चालेल' एवढेच आहे. मधल्या प्रश्नावर मात्र मला सविस्तर लिहिणे भाग आहे, कारण नेमक्या त्याच मुद्द्यावरून माझी एक कथा छापून येता येता राहिली आणि त्या वेळी संपादकांना पत्रातून दिलेले उत्तर मला आजही अपुरे वाटते.

मी वसई भागातली. शाळेत मराठी शिकवले आणि निवृत्तीनंतर लिहू लागले. माझ्या कथेतले गाव काल्पनिक असले तरी किनारा आमचाच होता. एका बाजूला कोळीवाडा, खाडीच्या आतल्या अंगाला केळी आणि पानवेलींच्या वाड्या, आणि दोन्हीकडच्या लोकांचे मिळून एकच देऊळ. (आमच्याकडे चर्चला देऊळच म्हणतात.) देवळाच्या बाजूच्या वेदीवर मरियामातेची मूर्ती आणि तिच्या डोक्यावर गावातल्या बायकांनी आपापल्या अंगावरचे सोने देऊन घडवलेला मुकुट. ईस्टरच्या सकाळी तो मुकुट जागेवर नसतो. देवळाचा सॅक्रिस्टन, म्हणजे देवळाची व्यवस्था पाहणारा सेवक, सांगतो की, रात्रीचा जागरणविधी आटोपल्यावर त्याने मूर्तीवरचे कापड काढले तेव्हा मुकुट होता, आणि पुढे दीडच्या सुमारास डहाणूकडचा एक तरुण खलाशी हातात गाठोडे घेऊन खाडीतून चालत पलीकडे जाताना त्याने पाहिला. गाव त्या मुलाला धरते.

रहस्य उलगडते ती मासळी विकणारी एक विधवा बाई, कारण तिला तिथी ठाऊक असते. किनाऱ्यावर वाढलेल्या माणसाला हा हिशेब सांगावा लागत नाही: तिथीला तिनाने गुणून चाराने भागले की भरतीची वेळ निघते. त्या शनिवारी वद्य द्वितीया होती, म्हणजे भरती दीड वाजता. सॅक्रिस्टनने ज्या वेळी मुलाला खाडीतून चालताना पाहिले, त्या वेळी खाडीत पुरुषभर पाणी होते. सॅक्रिस्टन आतल्या वाडीतला, केळीच्या बागेत वाढलेला. ओहोटीला त्या खाडीतून लोक जातात एवढेच त्याने पाहिलेले होते, आणि पाण्याच्या वेळेशी त्याचा कधी संबंध आला नव्हता. त्यामुळे खोटे बोलताना त्याला ती शंकाच आली नाही. कोळ्याने असे खोटे रचलेच नसते.

हा योगायोग मी ओढूनताणून आणलेला नव्हता. 21 मार्च किंवा त्यानंतर येणाऱ्या पौर्णिमेनंतरचा रविवार म्हणजे ईस्टर, असा तो सण ठरतो. म्हणून ईस्टरच्या आदल्या रात्री तिथी पौर्णिमा ते वद्य षष्ठी यांच्या आसपासच असते आणि आपल्या किनाऱ्यावर त्या रात्रीची भरती मध्यरात्रीपासून पहाटेपर्यंतच्या वेळातच येते. वर्ष कोणतेही घ्या. शिवाय ईस्टरच्या आधीचा पवित्र आठवडा बहुधा उधाणाच्या दिवसांत पडतो. डोलीची, म्हणजे प्रवाहात जाळे रोवून केलेली, मासेमारी चालते ती उधाणाच्या जोरदार ओढीवर आणि भांगाच्या, म्हणजे कमी भरती-ओहोटीच्या, दिवसांत ती मंदावते, म्हणजे कमाईचे दिवस आणि बोट किनाऱ्याला लावून देवळात बसण्याचे दिवस एकाच वेळी येतात. कर्जात बुडालेल्या नाखव्याच्या घरात त्या आठवड्यात काय चालत असेल याचा विचार करा. आपल्याला कथानक हवे असेल तर ते इथे आहे. अमेरिकेत या प्रकाराची स्वतंत्र बाजारपेठ आहे आणि तिथल्या कथांत बेकरी, दीपगृह, विणकाम करणाऱ्या आजी हटकून भेटतात. त्या तिथे शोभतात, कारण त्या तिथल्या आहेत. त्यांना उचलून मालवणात किंवा मुरुडमध्ये आणू नका.

माझ्या कथेतला खरा चोर होता सणसमितीचा खजिनदार, एका बोटीचा मालक. नाताळापासून त्याचे इंजिन बंद पडलेले होते आणि ते झावळ्यांच्या रविवारच्या, म्हणजे ईस्टरच्या आधीच्या रविवारच्या, सुमारास रोख पैसे मोजून दुरुस्त झाले, ही गोष्ट मी दुसऱ्याच पानावर लिहून ठेवली होती. मुकुट ईस्टरच्या रात्री गेलेलाच नव्हता. ईस्टरआधीच्या उपवासकाळाच्या अखेरच्या दोन आठवड्यांत मूर्ती जांभळ्या कापडाने झाकण्याची जुनी रीत आहे, आणि मुकुट गेला तो त्या कापडाखालून. खजिनदाराच्या शब्दावर नोकरीला लागलेल्या सॅक्रिस्टनने पुढची कहाणी रचली.

आता संपादकांचा आक्षेप. कथेत पवित्र गुरुवारच्या आधी खजिनदार फादरकडे पापनिवेदन (कन्फेशन) करतो. म्हणजे कापडाखाली मुकुट नाही हे फादरला ईस्टरच्या आधीपासून माहीत असते, आणि तरीही तो कापडाला हात लावत नाही. मुलावर आळ आल्यावरही तो काही बोलत नाही. वाचकाला हे शेवटून दुसऱ्या प्रकरणात कळते, तेही खजिनदाराच्या तोंडून. संपादकांनी मला लिहिले की, फादर इतका निष्क्रिय वाटला तर वाचकाला तो आवडणार नाही. त्याने खजिनदाराचे नाव घेऊ नये हे मान्य, पण निदान सफाईचे निमित्त काढून कापड वेळेआधी उचलायला लावावे, किंवा त्या बाईला एखादा सूचक शब्द बोलावा, म्हणजे कथा 'वेगवान' होईल. शेवटी त्यांनी लिहिले होते की, ही कथा आहे, कायद्याचे पुस्तक नव्हे.

या सूचनेला मी तेव्हाही नकार दिला आणि आजही देईन. कॅथलिक धर्मगुरूवर पापनिवेदनाच्या गुप्ततेचे जे बंधन आहे ते केवळ नाव न सांगण्यापुरते नाही. 1983 च्या कॅनन लॉमधील, म्हणजे कॅथलिक चर्चच्या कायद्यातील, 983 वे कलम शब्दाने किंवा अन्य कोणत्याही प्रकारे पापनिवेदकाला उघडे पाडण्यास मनाई करते, आणि लगेच पुढचे 984 वे कलम त्याहून कडक आहे: गुपित फुटण्याची भीती अजिबात नसली तरीही, पापनिवेदनात कळलेल्या गोष्टीचा उपयोग पापनिवेदकाला बाधेल अशा रीतीने करता येत नाही, आणि अधिकारपदावरील व्यक्तीला तिचा उपयोग बाहेरच्या कारभारात कोणत्याही प्रकारे करता येत नाही. कापड उचलायला लावणे हा बाहेरचा कारभारच आहे. गुपित थेट फोडणाऱ्या धर्मगुरूला तर त्या कृतीनेच धर्मबहिष्काराची शिक्षा लागू होते. माझ्या कथेतला फादर निष्क्रिय नाही. तो त्या मुलाला मारू देत नाही, त्याला आपल्या घरात बसवून जेवू घालतो, पोलीस येईपर्यंत दाराशी उभा राहतो, कारण हे त्याने कोणत्याही संशयितासाठी केले असते. तो एवढेच करू शकतो, आणि एवढे करताना त्याच्या मनावर किती ओझे आहे हे वाचकाला मागाहून उमगते, यातच त्या कथेचा प्राण होता. कापड उचलल्यावर उरली असती ती फक्त चोरी.

दुसरी गोष्ट मला पत्रात नीट मांडता आली नव्हती, ती इथे मांडते. संपादकांची सूचना देवळाच्या नियमात बसत नव्हती, तशीच ती रहस्यकथेच्या नियमातही बसत नव्हती. 1929 मध्ये रोनाल्ड नॉक्स यांनी रहस्यकथेचे दहा दंडक लिहिले. नॉक्स स्वतः कॅथलिक धर्मगुरू होते आणि रहस्यकथाही लिहीत. त्यांनी घातलेली अट अशी की, गुप्तहेराला ज्या धाग्यावरून शोध लागतो तो धागा लगेच वाचकापुढेही आला पाहिजे, आणि अपघाताने किंवा कारण न सांगता येणाऱ्या अंतर्ज्ञानाने त्याला मदत होता कामा नये. पापनिवेदनात कळलेले नाव वाचकाला दाखवावे तर रहस्यच उरत नाही, आणि लपवावे तर वाचकाशी अप्रामाणिकपणा होतो. फादरच्या सूचक शब्दावरून त्या बाईला शोध लागला असता तर तिने मोजलेली तिथी, भरती, इंजिनाचे पैसे, सगळे वाया गेले असते.

इंग्रज लेखक चेस्टरटन यांच्या फादर ब्राऊन या गुप्तहेर धर्मगुरूचा दाखला संपादकांनीही दिला होता आणि तो माझ्याच बाजूचा आहे. 1910 साली आलेल्या पहिल्याच कथेत फादर ब्राऊन सांगतो की, जो माणूस सतत लोकांची खरी पापे ऐकतो त्याला माणसाच्या दुष्टपणाची काहीच कल्पना नसेल हे संभवत नाही. म्हणजे पापनिवेदनातून त्याच्याकडे माणसाच्या स्वभावाचे ज्ञान येते. अमुक माणसाचे अमुक गुपित तो वापरत नाही. त्या कथेत धर्मगुरूच्या वेषातल्या चोराविषयी त्याची खात्री पटवणारी एक खूण म्हणजे त्या चोराने बुद्धीलाच कमी लेखले, आणि ते धर्मशास्त्राला धरून नव्हते. हा तर्क वाचकालाही करता येतो. तोच चोर पुढे सुधारतो आणि फादरचा मित्र होतो. ख्रिस्ती रहस्यकथेचे वेगळेपण मला इथे दिसते: शोध घ्यायचा तो माणसाला परत आणण्यासाठी. माझ्या कथेत ती बाई सभेत नाव घेत नाही. टोपली घेऊन खजिनदाराच्या घरी जाते, त्याच्या बायकोपुढे बसते, त्या रात्रीची भरती किती वाजता होती एवढेच विचारते, आणि पुढच्या रविवारी खजिनदार स्वतः देवळात उभा राहतो. बोटीतला आपला हिस्सा विकून तो मुकुट सोडवतो आणि त्या मुलाची सर्वांसमक्ष क्षमा मागतो. भरपाई झाल्याशिवाय क्षमेचे प्रकरण संपवू नका. नुसती रडारड करून पात्रे गळ्यात पडली तर ती ख्रिस्ती कथा होत नाही, ती खोटी कथा होते.

संपादकांची आणखी एक सूचना होती आणि तिचे दुःख मला अधिक आहे. माझी पात्रे 'ख्रिस्ती वाटत नाहीत', त्यांनी थोडे हिंदी-इंग्रजी मिसळून बोलावे, म्हणजे वाचकाला ओळख पटेल, असे त्यांचे म्हणणे होते. इंग्रज जेझुइट धर्मगुरू फादर स्टीफन्स यांचे ख्रिस्तपुराण 1616 साली छापले गेले आणि त्यात सुमारे 11,000 मराठी ओव्या आहेत. ख्रिस्ती लेखक बाबा पदमनजींची 'यमुनापर्यटन' 1857 ची. मराठीतली पहिली कादंबरी म्हणून तिचे नाव घेतले जाते. ख्रिस्ती कवी रेव्हरंड टिळक तर रत्नागिरी जिल्ह्यातल्या करजगावचे. 2020 च्या अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाचे अध्यक्ष आमच्या वसईचे फादर फ्रान्सिस दिब्रिटो होते. आमच्याकडे वाडीत सामवेदी बोली बोलतात, कोळीवाड्यात कोळ्यांची बोली, आणि मिस्सा, म्हणजे देवळातली मुख्य उपासना, मराठीत होते. चारशे वर्षे या भाषेत प्रार्थना करणाऱ्या लोकांना मोडके मराठी बोलायला लावून त्यांची ओळख पटवायची असेल तर ती ओळख मला नको. आपणही आपल्या पात्रांना अशी भाषा देऊ नका, कोणी कितीही सुचवले तरी.

गुप्तहेर म्हणून फादर घेऊ नयेत असे माझे मत आता आपल्या लक्षात आले असेल. फादर बदलून येतात, बदलून जातात. गावाची खडान्‌खडा माहिती असते ती मासळीवालीला, शाळेच्या शिपायाला, सुईणीला. फादरकडे मात्र एक मोलाची गोष्ट असते, ती म्हणजे नोंदवही. बाप्तिस्म्याच्या नोंदीशेजारी त्या माणसाच्या दृढीकरणाची (कन्फर्मेशनची) आणि विवाहाची नोंद पुढे समासात केली जाते, मग लग्न दुसऱ्या धर्मग्रामात (पॅरिशमध्ये) का झालेले असेना. तीस वर्षे अविवाहित समजल्या गेलेल्या माणसाच्या नावापुढे समासात एक ओळ सापडली, तर त्यावर अख्खी कादंबरी उभी राहील. ही कल्पना आपण खुशाल वापरा.

काही गोष्टी सांगायच्या राहिल्या. तिथीवरून काढलेली भरतीची वेळ ढोबळ असते आणि खाडीच्या आत पाणी उशिरा चढते, म्हणून कथेत वेळ मिनिटावर आणू नका आणि आपल्या गावच्या तांडेलाला विचारून घ्या. ईस्टर ठरवणारी पौर्णिमा चर्चच्या गणिताने येते. पंचांगाशी तिचा एखाद्या दिवसाचा फरक पडू शकतो. पापनिवेदनाविषयी मी लिहिले ते कॅथलिक गावापुरते. आपले गाव प्रोटेस्टंट मिशनच्या परंपरेतले असेल तर तिथे पाळकाकडे असे पापनिवेदन करण्याचा संस्कार नसतो, त्यामुळे ही गुंतागुंत तिथे बसवू नका. मूर्ती आणि मुकुटही तिथे नसतील. आणि कथा पावसाळ्यात घडवणार असाल तर 1 जून ते 31 जुलै यंत्रबोटींना मासेमारीची बंदी असते, हे विसरून समुद्रात बोट पाठवू नका.

छापण्याविषयी: बाबूराव अर्नाळकरांनी हजाराहून अधिक रहस्यकथा लिहिल्या आणि त्यांच्या नावातच आमचे अर्नाळा आहे, तेव्हा या किनाऱ्याला रहस्यकथा परकी नाही. आधी धर्मग्रामाच्या किंवा धर्मप्रांताच्या नियतकालिकाकडे पाठवा, नंतर दिवाळी अंकांकडे. कथा स्वीकारण्यासाठी कोणी फादरला कापड उचलायला लावा म्हणाले, तर हस्तलिखित परत मागवा. मी तेच केले, आणि ती कथा आता मी पुन्हा नीट लिहून काढत आहे.