लंडनच्या बँकेत जाताना: गुपित सांगण्याचे इंग्रजी शब्द

तुम्ही पुण्याहून लंडनला बँकेच्या कम्प्लायन्स विभागात, म्हणजे नियम पाळले जातात का ते पाहणाऱ्या विभागात, येताय आणि विचारलंय की ‘डिस्क्लोज’, ‘लीक’, ‘टिप ऑफ’ या सगळ्यांचा अर्थ गुपित सांगणं हाच असेल, तर कुठला शब्द कधी वापरायचा. मी इथे याच कामात आहे, म्हणून सविस्तर लिहितो.

आधी ‘टिप ऑफ’, कारण तुमच्या नोकरीत ते गुन्ह्याचं नाव आहे. एरवी त्याचा अर्थ आतून खबर देणं एवढाच. कुणी पोलिसांना चोरीची ‘टिप ऑफ’ दिली, तर त्यात वाईट काही नाही. पण एखाद्या ग्राहकाच्या व्यवहाराचा संशय येऊन तुम्ही वर कळवलंत, की त्या ग्राहकाला त्याची कुणकुणही लागता कामा नये. तपासाला बाधा येईल अशी खबर दिली, तर २००२ च्या प्रोसीड्स ऑफ क्राइम ॲक्टखाली, म्हणजे गुन्ह्यातून आलेल्या पैशाविषयीच्या कायद्याखाली, दोन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. ग्राहक फोनवर काकुळतीने विचारतो, ‘माझे पैसे का अडकलेत?’ आपला स्वभाव असा की दोन शब्द धीराचे बोलावेसे वाटतात. तिथेच जपा. बँकेने ठरवून दिलेलं उत्तर द्या, पदरचं काही घालू नका.

‘डिस्क्लोज’मध्ये काही फोडल्याचा भाव नाही. जे सांगणं तुमचं कर्तव्य आहे, ते योग्य माणसाला रीतसर सांगणं म्हणजे ‘डिस्क्लोज’. तुमच्याकडचे शेअर्स, बाहेरची कामं, नात्यातल्या कुणाचा संबंधित धंदा, असं बरंच काही रुजू होताना ‘डिस्क्लोज’ करायला सांगतील. बिचकू नका, तो तुमच्यावरचा संशय नसतो.

‘लीक’मध्ये मात्र आरोप आहे. टीमला मीटिंगची तारीख आधी कळवलीत, तर ईमेलमध्ये गमतीनेही ‘लीक्ड’ लिहू नका, ‘शेअर्ड’ लिहा. बातमी फुटली, पण कुणी फोडली ते माहीत नाही, अशा वेळी ‘इट गॉट आउट’. बोलता बोलता तोंडून निसटलं, तर ‘लेट इट स्लिप’. ‘डिव्हल्ज’ बहुतेक नकारातच ऐकाल: ‘आय कान्ट डिव्हल्ज दॅट.’ ‘स्पिल द बीन्स’ चहाच्या वेळी चालेल, अहवालात नाही.

‘व्हिसलब्लोइंग’ला चहाडी समजू नका, हे मला फार मनापासून सांगायचंय. गैरप्रकार योग्य ठिकाणी उघड करणाऱ्या कर्मचाऱ्याला १९९८ च्या पब्लिक इंटरेस्ट डिस्क्लोजर ॲक्टने संरक्षण दिलंय. चहाडीसाठी ब्रिटिश बोलीत ‘ग्रास’ हा वेगळाच शब्द आहे आणि तो हिणवण्यासाठी वापरतात. सहकाऱ्याबद्दल तो कधीच उच्चारू नका.

शेवटचं, बैठकीच्या सुरुवातीला कुणी म्हणेल, ‘चॅटम हाउस रूल.’ चॅटम हाउस ही आंतरराष्ट्रीय घडामोडींचा अभ्यास करणारी लंडनमधली संस्था; तिथे हा नियम १९२७ मध्ये ठरला. नव्या माणसाला वाटतं, इथलं काहीच बाहेर बोलायचं नाही. तसं नाही. ऐकलेली माहिती वापरता येते, पण ती कोण बोललं, कुठल्या संस्थेचा माणूस होता, बैठकीला आणखी कोण होतं, हे उघड करायचं नाही. ‘ऑफ द रेकॉर्ड’ला मात्र असा ठरलेला एकच अर्थ नाही. कुणी तसं म्हटलं, तर यातलं काय वापरलेलं चालेल हे तिथल्या तिथे विचारून घ्या. इथे त्याचं कुणाला वाईट वाटत नाही.