वाचकांचे प्रश्न : क्लच नसलेली गाडी

प्रश्न : तीस वर्षे क्लच-गिअरची गाडी चालवल्यानंतर गुडघेदुखीमुळे मी नुकतीच ऑटोमॅटिक घेतली. दुसऱ्याच दिवशी सवयीने डावा पाय क्लच समजून ब्रेकवर आपटला आणि मागच्या सीटवरची भाजी पुढे येऊन सांडली. शिवाय आमच्या सोसायटीच्या उतारावर लावलेली गाडी ‘पी’मधून (पार्किंग) काढताना ‘खट्’ असा मोठा आवाज होतो. गिअरबॉक्समध्ये काही बिघाड असेल का? पुढच्या महिन्यात मुलाकडे ठाण्याला जायचे आहे. कसारा घाट उतरताना काय काळजी घ्यावी? — एक वाचक, नाशिक

उत्तर : भाजीवर निभावले हे बरे झाले. क्लच दाबायची सवय असलेला डावा पाय पेडल तळापर्यंत दाबतो, त्याला हलका ब्रेक ठाऊकच नसतो; म्हणून तो डावीकडच्या पाय टेकायच्या जागेवर ठेवून द्यावा आणि ॲक्सिलरेटर व ब्रेक ही दोन्ही कामे उजव्याच पायाला द्यावीत. काही दिवस रिकाम्या मैदानात सराव केलात तर ही सवय मोडेल.

गाडी सुरू करताना लिव्हर ‘पी’वर आहे हे पाहून ब्रेक दाबावा, मग किल्ली फिरवावी किंवा बटण दाबावे. ब्रेक दाबलेला ठेवूनच लिव्हर ‘डी’वर (ड्राइव्ह, म्हणजे पुढे जाण्यासाठी) आणावा आणि हँडब्रेक सोडावा. सपाट जागी ब्रेकवरचा पाय उचलताच, ॲक्सिलरेटरला स्पर्शही न करता, गाडी सावकाश पुढे सरकू लागते. क्लचच्या गाडीतून आलेले लोक फसतात ते नेमके इथे. ‘डी’मध्ये ठेवून फाटक उघडायला उतरणे म्हणजे चालती गाडी सोडून जाणे होय, मग ते एका मिनिटासाठी का असेना. ‘डी’वरून ‘आर’वर (रिव्हर्स) जाताना गाडी पूर्ण थांबलेली असावी.

आता त्या आवाजाविषयी. ‘पी’ म्हणजे ब्रेक नव्हे. गिअरबॉक्समध्ये खाचा असलेले एक चक्र असते आणि ‘पी’ टाकल्यावर बोटाएवढा लोखंडी दात त्यातल्या एका खाचेत अडकतो. आपण उतारावर आधी ‘पी’ टाकून ब्रेक सोडत असणार. तेव्हा गाडी किंचित घरंगळते, तिचे सारे वजन त्या दातावर येते आणि सकाळी तो ओढून काढावा लागतो, म्हणून तो ‘खट्’. तसे असेल तर बिघाड नाही, क्रम चुकला आहे. गाडी थांबल्यावर पाय ब्रेकवर ठेवूनच लिव्हर ‘एन’वर (न्यूट्रल) आणा, हँडब्रेक नीट ओढा, मग पायाचा ब्रेक हळूच सोडून गाडीचे वजन हँडब्रेकवर येऊ द्या, पुन्हा ब्रेक दाबा आणि शेवटी ‘पी’ टाका. निघताना याच्या उलट, म्हणजे आधी ‘पी’ काढायचा आणि हँडब्रेक नंतर. एवढे करूनही आवाज येत राहिला, तर मात्र गाडी दाखवून घ्यावी.

(एएमटी प्रकारच्या बऱ्याच गाड्यांत ‘पी’ नसतोच, क्लच-गिअर तेच, फक्त दाबण्या-बदलण्याचे काम यंत्र करते. अशी गाडी गिअरमध्ये ठेवून इंजिन बंद करावे आणि हँडब्रेक ओढावा. चढावर ती ॲक्सिलरेटरवर तोलून धरू नये, क्लच जळतो.)

इगतपुरी सोडून कसारा उतरू लागलात की लिव्हर ‘एल’, ‘२’ किंवा मॅन्युअलवर घेऊन खालचा गिअर धरावा, म्हणजे इंजिनच वेग आवरते. सतत ब्रेकवर पाय ठेवल्यास ब्रेक तापतात आणि ऐन वळणावर पकड सैल पडते. पेट्रोल वाचवण्यासाठी घाटात ‘एन’ टाकणाऱ्यांचे मला नेहमीच नवल वाटते, कारण उतारावर गिअरमध्ये राहून ॲक्सिलरेटर सोडला की आजच्या इंजिनांत इंधनाचा पुरवठा बहुधा आपोआप थांबतो. ‘एन’मध्ये मात्र इंजिन चालू राहण्यासाठी पेट्रोल जळतच राहते. हा लिव्हर चालत्या गाडीत ‘एन’वर नेण्याची वेळ एकच : ॲक्सिलरेटर अडकून गाडी बेफाम धावू लागली तर. तेव्हा ब्रेक जोराने दाबून धरावा, ‘एन’ टाकावा आणि इंजिन गाडी थांबल्यावरच बंद करावे, कारण त्याआधी बंद केल्यास स्टिअरिंग जड होते.

प्रश्न : बॅटरी उतरल्यास ऑटोमॅटिक गाडी धक्का मारून सुरू होते का?

उत्तर : नाही. नेहमीच्या ऑटोमॅटिकमध्ये गिअरबॉक्सला तेलाचा दाब इंजिन फिरल्यावरच मिळतो, त्यामुळे चाके फिरवून इंजिन फिरत नाही. दुसऱ्या गाडीच्या बॅटरीला जोडून इंजिन सुरू करायची जंपर केबल डिकीत ठेवावी.