वाचकांचे प्रश्न : पत्र्याचा कुलर दुरुस्त करावा की बदलावा?

प्रश्न : जळगावात बनवून घेतलेला आमचा पत्र्याचा कुलर दहा-अकरा वर्षे चालला. यंदा बटण दाबले की मोटार नुसती गुणगुणते, पंखा फिरत नाही. दुकानदार म्हणतो, दुरुस्तीत पैसे घालण्यापेक्षा रिमोटचा प्लास्टिक कुलर घ्या. काय करावे?
— एक वाचक, अमळनेर

उत्तर : कुलर मोडीत काढण्याची घाई करू नये. मोटारीला फिरण्यासाठी लागणारा जोर कंडेन्सर या तिला जोडलेल्या छोट्या विद्युत भागामुळे मिळतो आणि हा भाग कमजोर झाला की मोटार अशीच गुणगुणते. प्लग काढून पंखा हाताने फिरवून पाहावा. तो सहज फिरला, तर बहुधा कंडेन्सरच गेला आहे. तेवढ्याच मायक्रोफॅरडचा (म्हणजे तेवढ्याच क्षमतेचा) नवा कंडेन्सर मोटारीच्या मानाने अगदी स्वस्त असतो. पंखा जड फिरत असेल, तर मोटारीचा दांडा ज्यावर फिरतो ते बुश किंवा बेअरिंग पाहावे लागेल. तोवर बटण पुन्हापुन्हा दाबू नये, कारण जागच्या जागी वीज खाणारी मोटार तापून वायंडिंग, म्हणजे आतील तारेची गुंडाळी, जळते. जळालेले वायंडिंग तांब्याचे असेल तर पुन्हा भरून घेणे परवडते. ॲल्युमिनियमचे असेल तर बहुधा नवी मोटारच बसवावी लागते.

दुकानदाराचे म्हणणे अगदीच निराधार नाही, कारण प्लास्टिक गंजत नाही. मात्र रिमोटच्या कुलरमधील सर्किट त्या-त्या मॉडेलपुरतेच असते आणि विजेच्या चढउतारात तेच आधी बिघडते, तर पत्र्याच्या कुलरचा पंप, मोटार, गवताचे पॅड हे सारे आपल्याकडे तालुक्याच्या बाजारातही मिळते. नवा घ्यायचाच असेल, तर सर्किट सुटे मिळते का आणि दुरुस्ती कुठे होते, हे आधी विचारावे. केंद्र सरकारने 24 डिसेंबर 2022 रोजी ‘राइट टू रिपेअर’ (दुरुस्तीचा हक्क) पोर्टल सुरू केले, पण त्यावरील दुरुस्तीची माहिती सहभागी कंपन्यांच्या वस्तूंपुरतीच असते. गावातल्या कारागिराने बनवलेल्या कुलरला त्याचा उपयोग नाही.

आपल्या कुलरचे आयुष्य खरे तर टाकीचा पत्रा ठरवील. बोअरच्या क्षारयुक्त पाण्याने तळाला भोके पडली असतील, तर मात्र नव्या मोटारीवर खर्च करू नये. पत्रा शाबूत असेल, तर हंगाम संपताच टाकी कोरडी करून आतून रंग द्यावा. आणि ओल्या पत्र्यात वीज उतरण्याचा धोका असल्याने, अर्थिंग तपासून घेतल्याशिवाय दुरुस्त झालेला कुलरही सुरू करू नये.